सावळारामचे तेराशे मीटर

१

जानेवारीतल्या त्या रविवारी बारामतीत तेराशे मीटर हरवले. चप्पल हरवते, छत्री हरवते, लग्नातून आहेराचं पाकीटसुद्धा हरवतं. पण सव्वा किलोमीटर रस्ता हरवल्याची तक्रार बारामतीत आजवर कुणी केलेली नव्हती.

त्याचं असं झालं. सायकल मंडळाची वार्षिक फेरी होती, बारामतीहून इंदापूर आणि परत. गिअरवाल्या महागड्या सायकली पुढे निघून गेल्या होत्या. बिनगिअरच्या गटात पहिला आला सावळाराम शिंगाडे. वय अठ्ठावन्न, अंथुर्ण्याजवळच्या वस्तीवर राहणारा. सगळं जग मोटारसायकलवर गेलं तरी हा अजून काळ्या सायकलला कॅन टांगून वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करायचा आणि दूध संस्थेत नेऊन तिथे सगळ्यांचं दूध मोजायला मापाला बसायचा. त्या दिवशी कॅन घरी ठेवून आला आणि हिंदुराव सायकलवाल्याला चार मिनिटांनी मागे टाकून गेला. टाळ्या वाजल्या. मग कुणीतरी त्याच्या मीटरकडे पाहिलं.

मीटर जुन्या पद्धतीचं होतं. चाकाच्या आरीला छोटं लोहचुंबक, शेजारी दांडीला डोळा, तिथून वायर हँडलपर्यंत. चाक फिरेल तसे फेरे मोजायचे, एवढंच त्याचं काम. त्याच्यावर आकडा होता शहाण्णव पूर्णांक आठ. फेरी होती अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक किलोमीटरची.

"टिक बघा की," हिंदुराव म्हणाला. "इंदापुरात साहेब बसलेच व्हते."

साहेब म्हणजे श्रीपादराव देवधर, मंडळाचे सचिव. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं कालव्याची मोजमापं करून निवृत्त झालेले. इंदापूरच्या वळणावर टेबल-खुर्ची टाकून येणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे टिक मारायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. त्यांनी वही उघडली. सगळ्यांच्या नावापुढे टिक होती. सावळारामच्या नावापुढे नव्हती.

"साहेब, तुमी मधीच कुठं गेला तर नव्हता?" कुणीतरी सहज विचारलं.

"मी जागचा हललो नाही," श्रीपादराव म्हणाले.

झालं. टिक नाही आणि मीटरही कमी. म्हणजे गडी वळणाच्या अलीकडूनच माघारी फिरला. श्रीपादरावांनी वहीतल्या त्या नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, तेवढं मोजमापाचं वळण हाताला होतंच. सावळारामने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग छातीवरचा नंबर सोडला, त्याची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता सायकल वळवून निघून गेला.

श्रीपादरावांच्या कानशिलांना उन्हाने नव्हे तर लाजेने चटका बसला. कारण ते जागचे हलले होते.

२

हलले होते ते जिलेबीसाठी. सांगायलाही लाज वाटावी असं कारण, म्हणून तर सांगितलं नाही. श्रीपादरावांना मधुमेह. घरात बायकोचा, श्यामलाबाईंचा, पहारा असा, की साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे हे त्यांना चार वर्षांत कळलेलं नव्हतं. वळणाच्या मागच्या गल्लीत एका हॉटेलात जिलेबीचा घाणा पडताना त्यांना वास आला. रस्ता रिकामा होता. आत्ता जाऊ, आत्ता येऊ. वीस मिनिटं गेली. परत येऊन तोंड पुसतात तोच हिंदुराव आला, त्याची टिक मारली, आणि मधे कोण येऊन गेलं असेल याचा विचारसुद्धा त्यांच्या मनाला शिवला नाही.

गुरुवारी सकाळी आप्पासाहेब घरी आले. सावळाराम जिथे मापाला बसायचा त्या अंथुर्ण्याच्या दूध संस्थेचे हे चेअरमन. पण श्यामलाबाईंपुढे ते अजून आठवीतलेच; बाईंनी त्यांना विज्ञान शिकवलं होतं. चहाला हात न लावता ते म्हणाले, "बाई, लई अवघड झालंय. सावळाराम वीस वर्षं मापाला बसतोय. आता लोक म्हणत्यात, जो किलोमीटरात मारतो त्यो लिटरातबी मारणार. बायका घरनं दूध मोजून आणायला लागल्यात. त्याच्या तोंडावर सांगत्यात, माझं साडेतीन हाय, बघून घे. रविवारी मीटिंग हाय. त्याला मापावरनं काढा म्हणत्यात."

"तो काय म्हणतो?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"कायच न्हाय. मी गेलो व्हतो म्हणतो, आन् गप बसतो. बाई, तुमी एकदा बघा. तुमचा शब्द लोक ऐकत्यात."

"बघते," श्यामलाबाई म्हणाल्या.

श्रीपादराव वर्तमानपत्रामागे होते. त्यांच्या मनात त्या क्षणी काय आलं, ते त्यांनी पुढे कित्येक दिवस स्वतःलाही कबूल केलं नाही. देवा, त्या सावळारामने खरंच लबाडी केलेली असू दे. म्हणजे माझी जिलेबी जिरेल.

आप्पासाहेब गेल्यावर श्यामलाबाई म्हणाल्या, "अहो, तुम्हीही चला माझ्याबरोबर. मोजमापाचं काम आहे. आणि जाताना धोब्याकडे तुमचा रविवारचा शर्ट टाकू. बाहीला मुंग्या लागल्यात."

३

पहिला मुक्काम शेजारच्याच फ्लॅटमध्ये झाला. सई आणि स्वानंद हे तरुण जोडपं घरून कंपनीचं काम करायचं आणि सुट्टीला सायकल हाणायचं. तिच्या मनगटाला उपग्रहावर चालणारं घड्याळ, त्याच्या खिशात तसलाच मोबाइल.

"दोघं शेवटपर्यंत बरोबर होतात ना?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"हो काकू. चाकाला चाक लावून," सई म्हणाली.

"मग किती झालं?"

"माझं अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार."

स्वानंदने जरा घुटमळून मोबाइल दाखवला. सत्त्याण्णव पूर्णांक दोन.

"लग्नाला तीन वर्षं नाही झाली आणि तुमच्यात बाराशे मीटरचं अंतर पडलं?" श्यामलाबाई हसल्या. "स्वानंद, तू कुठे माघारी फिरलास रे?"

"नाही हो काकू! आम्ही वळणावर चहा पण घेतला."

"तेच. उपग्रह काही रस्ता मोजत नाही. तू कुठे आहेस एवढंच तो यंत्राला मधून मधून कळू देतो, आणि दोन जागांच्या मधे यंत्र सरळ रेघ मारतं. बॅटरी वाचवायला तुझा मोबाइल कमी वेळा विचारतो, म्हणून तुझी वळणं कापली गेली. सईचं घड्याळ चहाला उभी असतानाही चालूच होतं. उभ्या माणसाची जागासुद्धा त्याला थोडी इकडेतिकडे सरकल्यासारखी दिसते, तेही ते अंतरात धरतं. म्हणून हिचं जास्त."

"मग चाकाचं मीटर बरं?" स्वानंदने विचारलं.

"चाक वळण चुकवत नाही आणि उभं असताना फिरत नाही. फेरे ते बरोबरच मोजतं. पण एका फेऱ्याला किती अंतर, हे त्याला माणसाने सांगायचं असतं. चाक खोटं बोलत नाही. पण आपण त्याला चुकीचं शिकवू शकतो." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, स्वानंदपण नऊशे मीटर कमी भरला की. त्याच्या नावापुढे काय लिहिलंत?"

"टिक होती ना त्याची," श्रीपादराव म्हणाले. "म्हटलं, यंत्राची थोडीफार चूक असायचीच."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. मोबाइलवाल्याचं कमी भरलं ती यंत्राची चूक, आणि दूधवाल्याचं कमी भरलं ती माणसाची लबाडी. पस्तीस वर्षं ज्या हाताने सरकारी टेप धरला, त्याच हाताने त्यांनी दोन मापं वापरली होती. सईने चहा विचारला, त्यांना नको झाला.

४

हिंदुरावच्या दुकानात श्रीपादरावांना पुन्हा थोडी आशा वाटली. हाच दुसरा आला होता, आणि सावळाराम बाद झाल्यावर कप ह्याच्याच काचेच्या कपाटात आला होता. त्यातून सकाळी सगळ्यांच्या मीटरचं बटण दाबून शून्य करायचं कामही ह्यानेच केलेलं.

"बटण कधी दाबलंस?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"निशाण पडायच्या आदी, बाई. समद्यांदेखत. त्यात लबाडी कुठनं करू? माझंबी चाकाचंच मीटर हाय. अठ्ठ्याण्णव एक. बरोब्बर भरलं."

"सावळारामला मीटर तूच दिलंस?"

"व्हय. इकलं मी, पर बसवू दिलं न्हाय त्यानं. मी म्हनलं, तक्ता हाय, त्यात तुझ्या टायरचा आकडा बघून टाकतो. तर म्हणतो कसा, तक्ता कुणाच्या चाकाचा? माझं चाक मी माझ्या वझ्यानं मोजणार. बरं, पुढच्या चाकाला बसव म्हनलं, तर म्हणतो पुढं कॅन घासतं. मागच्या चाकाला बसवलं त्यानंच. असला हट्टी."

श्यामलाबाई "ओझ्यानं" असं स्वतःशी पुटपुटल्या आणि त्यांनी पुढे विचारलं, "रविवारी वाटेत तो तुला दिसला?"

हिंदुरावने मान खाली घातली. "खोटं कशाला बोलू? इंदापुरात शिरताना त्याच्या भयनीचं घर हाय. त्या दारात पाणी पीत व्हता. सायकलचं तोंड बारामतीकडं. तितनं वळण साडेसहाशे मीटर. जाऊन येऊन तेराशे. म्या कुणाला सांगितलं न्हाय, पर हिशोब बसतो, बाई."

हिशोब चोख बसत होता. श्रीपादरावांच्या छातीवरचा दगड उतरला. मग हिंदुराव त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "आन् साहेब तर व्हतेच की खुर्चीत. मी गेलो तवा तोंड पुसत बसले व्हते."

श्यामलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचीच श्रीपादरावांना जास्त भीती वाटली.

शुक्रवारी सकाळी दोघं इंदापूरला गेली. सावळारामची बहीण भागूबाई चुलीपुढेच होत्या. त्यांनी पाट दिले आणि सरळ बोलायलाच सुरुवात केली.

"आला की! जाताना रस्त्यावरनंच वरडला, आक्के, पाणी काढून ठीव, आलोच. मी तवा पयली भाकर थापत व्हते. म्हागारी आला तवा तिसरी तव्यावर टाकली. तोंड बारीक झाल्यालं. म्हनलं, काय रं? म्हणतो, काय न्हाय."

"भागूबाई, एक भाकरी माझ्यासमोर करता?" श्यामलाबाईंनी घड्याळ काढलं. पीठ मळलेलं होतंच. थापून, तव्यावर टाकून, पाणी फिरवून, विस्तवावर फुगवून भाकरी खाली उतरली तेव्हा चार मिनिटं झाली होती.

"तिसरी तव्यावर म्हणजे नऊ मिनिटं धरा," परत येताना गाडीत श्यामलाबाई म्हणाल्या. "तेराशे मीटरला त्याच्या वेगाने चार मिनिटं पुरतात. म्हणजे तो गेला असेल, तर पाच मिनिटं जास्त. त्या रिकाम्या वळणावर पाच मिनिटं तो काय करत होता हो?"

"बहीण आहे त्याची. ती काय, त्याच्याच बाजूने बोलणार," श्रीपादराव म्हणाले.

५

त्याच संध्याकाळी ते अंथुर्ण्याला गेले. दूध संस्थेच्या ओट्यापुढे माणसं भांडी घेऊन उभी होती. सावळाराम दोन बाजूंना दोन, पुढे एक अशी भरलेली कॅनं घेऊन आला. त्याला पाहताच रांगेतलं बोलणं थांबलं. त्याने सायकल टेकवली, हात धुतले, श्यामलाबाईंना नमस्कार केला. मग श्रीपादरावांनाही केला, तोही पहिल्यासारखाच. त्यांना मान वर करवेना.

"सावळारामभाऊ, भरली कॅनं घेऊन घरापासून इथवर मीटर किती दाखवतं?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"सहा. रोज बरोबर सहा."

"आणि दूध देऊन घरी जाताना?"

तो जरा ओशाळला. "पाच ब्याण्णव. लई दिस बघतोय. परतीची वाट कमीच भरती, बाई. मला वाटायचं तसंच असतं. माणसाला येताना वाट कमीच वाटती, मग मीटरलाबी वाटत आसंल."

रांगेतले दोघंतिघं हसले. श्यामलाबाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे चमकले.

"चाक मोजलंत कसं, ते दाखवा."

"ह्या हितंच. टायरला चुन्याचा ठिपका दिला. तीनी कॅन भरून टांगली, मी वर बसलो, आप्पासायबांनी हळू ढकललं. ठिपका भुईला लागला तितनं परत लागला तितपातूर. दोन मीटर सतरा सेंटिमीटर. त्यो आकडा टाकला मीटरात."

"कॅन भरून का?"

सावळारामला प्रश्नच समजला नाही. "मग? रिकामी सायकल मी चालवतोय कवा?"

श्यामलाबाईंनी पर्समधून टेप काढला. आप्पासाहेब चेअरमन असूनही पुन्हा सायकल ढकलायला आले. आधी भरलेल्या कॅनांसकट मोजलं. दोन मीटर सतरा. मग कॅनं उतरवली, सावळाराम पुन्हा वर बसला, पुन्हा एक फेरा. टेप श्रीपादरावांच्या हातात दिला होता. त्यांनी वाकून आकडा वाचला आणि वाचतच राहिले.

"मोठ्यानं सांगा," श्यामलाबाई म्हणाल्या.

"दोन मीटर वीस."

"तीन सेंटिमीटर," श्यामलाबाई रांगेकडे वळून शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "ओझं असलं की टायर दबतं, चाक लहान होतं. ओझं काढलं की मोठं होतं. एका फेऱ्यात तीन सेंटिमीटर जास्त रस्ता कापला जातो, पण मीटरला ते कुणी सांगितलेलं नाही. ते बिचारं भरल्या कॅनाचंच माप लावत बसतं. परतीची वाट कमी नव्हती, सावळारामभाऊ. तुमचं ओझं कमी होतं."

श्रीपादरावांना वही लागली नाही. सहाला पाच ब्याण्णव, तर अठ्ठ्याण्णव पूर्णांक एकला किती? शहाण्णव पूर्णांक आठ. मीटरवर दिसला होता तोच आकडा. सावळाराम पूर्ण इंदापूरला गेला होता.

तेराशे मीटर सापडले होते, आणि आता त्या माणसाविरुद्ध जगात एकच पुरावा उरला होता: श्रीपादराव देवधरांचा शब्द.

६

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर श्यामलाबाईंनी पानं उचलली, हात पुसले आणि समोर येऊन बसल्या.

"शर्टाच्या बाहीला पाक होता," त्या म्हणाल्या. "सोमवारी साखर दोनशे ऐंशी आली. मी म्हटलं, खाल्ली असेल एखादी जिलेबी, खाऊ दे. नवऱ्याला पकडायला मी काही फौजदार नाही. मग हिंदुराव म्हणाला, तोंड पुसत होते. मग भागूबाईंच्या भाकऱ्या. पाच मिनिटं सावळाराम तुमच्या खुर्चीपुढे उभा होता. तुमची वाट बघत."

श्रीपादरावांनी समोरचं तांब्या-भांडं बाजूला सरकवलं.

"तुला कधी कळलं?"

"भाकरी फुगली तेव्हा."

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"म्हटलं, तुम्ही बोलाल. गाडीत बोलाल. संस्थेत बोलाल. तीन सेंटिमीटर वाचताना तरी बोलाल."

श्रीपादराव खालच्या आवाजात म्हणाले, "आता मीटरवरून तो सुटलाच ना. उद्या तू तेवढं समजावून सांग. लोक ऐकतील. खुर्चीचं काढायची..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. श्यामलाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी रागाने पाहिलं होतं, वैतागून पाहिलं होतं. असं अनोळखी माणसाकडे पाहावं तसं कधी पाहिलं नव्हतं.

"मीटर म्हणतं तो आला. तुम्ही म्हणता तो आला नाही," त्या म्हणाल्या. "दोघं खरे कसे असाल? उद्या मी मीटरचं सांगेन. उरलेलं तुमचं तुम्ही बघा."

श्रीपादराव मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. एवढा शिकलेला, एवढा मोजमापवाला माणूस. दोन जिलेब्या खाल्ल्या हे बायकोला कळेल म्हणून त्याने एका गरिबाची वीस वर्षांची अब्रू घालवली होती. आणि अजूनही, अजूनसुद्धा, सुटायची फट शोधत होता. त्यांना स्वतःची किळस आली.

७

रविवारी सकाळी सातला संस्थेच्या ओट्यावर चाळीसेक माणसं जमली होती. दूध घेऊन आलेले तसेच थांबले होते. श्यामलाबाईंनी चुन्याच्या दोन खुणा करून मीटरचं गणित समजावलं. माणसं ऐकत होती, माना डोलावत होती. तरी मागून एक जण म्हणालाच, "बाई, मीटरचं पटलं. पर टिक न्हवती. साहेब तर तितंच बसले व्हते. त्ये काय खोटं बोलत्यात?"

श्रीपादराव उभे राहिले.

"बोललो," ते म्हणाले. "मी खोटं बोललो."

कुणालाच काही कळलं नाही. त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

"मी खुर्चीत नव्हतो. वीस मिनिटं नव्हतो. मागच्या गल्लीत जिलेबी खायला गेलो होतो. मला मधुमेह आहे, घरी चालत नाही, म्हणून चोरून गेलो. विचारलं तेव्हा कबूल करायची लाज वाटली, आणि म्हणालो जागचा हललो नाही. सावळाराम येऊन गेला. त्याचं मीटर बरोबर, तो बरोबर. चुकलो तो मी."

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू ओट्यावरून पार रस्त्यापर्यंत गेलं. श्रीपादराव उभे होते. शकुबाई म्हणून एक म्हातारी पुढेच किटली घेऊन बसली होती, ती हसली नाही. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "जिलबीपायी व्हय?"

हसू थांबलं. श्रीपादराव "होय" म्हणाले.

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. सावळारामच मापाला राहील, आणि पुन्हा हा विषय कुणी काढायचा नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. हात वर झाले, सगळ्यांचे. हिंदुराव बारामतीहून कप घेऊन आला होता, तो त्याने मुकाट्याने टेबलावर ठेवला. मग आप्पासाहेब म्हणाले, "सावळाराम, तुला काय म्हणायचं आसंल तर म्हण."

सावळाराम भिंतीला टेकून उभा होता. टोपी हातात घेऊन तो थोडा पुढे आला.

"मी थांबलो व्हतो, साहेब, तितं," तो म्हणाला. "वही उघडीच व्हती. पेनबी वर व्हता. टिक मीच मारली असती, कुणाला कळलं असतं? पर दुसऱ्याच्या वहीत आपून कसं लिवायचं? म्हनलं बारामतीत साहेबांना सांगू."

"मग सांगितलं का न्हाईस तवाच?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"कसं सांगू? त्यांनी चार लोकांत म्हनलं, जागचा हललो न्हाय. एवढ्या मोठ्या माणसाला तितंच खोटं पाडायचं व्हय? मला वाटलं, घाबरून बोलून गेलं आसतील. घरी गेल्यावर त्यांचं त्यांना उमगंल, दुसऱ्या दिशी येतील. सोमवारी माप घेताना निम्मं ध्यान रस्त्याकडं व्हतं माझं. मंगळवारीबी बघितलं." तो थांबला. टोपी डोक्यावर घातली. "बुधवारपासनं न्हाय बघितलं."

त्याच्या आवाजात राग असता तर श्रीपादरावांना बरं वाटलं असतं. शिवी दिली असती तर ती त्यांनी झेलली असती. त्यांनी हात जोडले. सावळाराम तोवर मापापाशी जाऊन बसला होता. बराच उशीर झाला होता, उन्हाने दूध तापायला लागलं होतं, आणि शकुबाईने आपली किटली पहिल्यासारखीच, घरून न मोजता, त्याच्यापुढे सरकवली.